साथ दिली, की नोकरी केली?

(पत्र आठ पानांचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहे.)

बीड जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यातल्या या बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून येत्या ३१ मे रोजी, ३५ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होतील. त्यांचे यजमानही प्राथमिक शिक्षक. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लग्नानंतरची पहिली नऊ वर्षं दोघांनी दोन वेगवेगळ्या तालुक्यांत काढली. त्यानंतर, बदलीमुळे मध्ये गेलेली चार वर्षं सोडली, तर दोघं एकाच दोनशिक्षकी शाळेत होते. मुलगा चौथीपर्यंत आजोळी वाढला. आता तो पुण्यात नोकरी करतो, त्याला दोन वर्षांची मुलगी आहे आणि आईवडिलांनी कायमचं पुण्याला यावं असा त्याचा आग्रह आहे. पण भांडण झालं की तो म्हणतो, "तुम्ही गावातल्या पोरांचे आईबाप होतात, आमचे नाही." यजमानांना गाव सोडायचं नाही. बाईंना निवृत्तीनंतर मिळणाऱ्या रकमेतले १० लाख रुपये घालून शाळेला एक खोली बांधून द्यायची, असं यजमानांनी ठरवलं आहे. सरपंचांना शब्दही दिला आहे आणि ही घोषणा बाईंच्या निरोपसमारंभात व्हायची आहे. शाळेचा पट दरम्यान ४७ वरून ११ वर आला आहे. बाई विचारतात : पैसे द्यावेत का? पुण्याला जावं का? आणि पोटचा मुलगा दुरावला, शाळाही रिकामी झाली, तर मग आम्ही आयुष्यभर केलं तरी काय?

प्रिय बाई,

तुमचं पत्र मी दोनदा साधं वाचलं आणि तिसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन वाचलं. राग मानू नका, तुम्ही ३५ वर्षं हेच केलंय. पत्रात 'आम्ही' जागोजागी आहे. आम्ही पट टिकवला, आम्ही ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवलं, आम्ही तीन पोरं नवोदयला पाठवली. 'मी' मात्र दोनच ठिकाणी सापडला. एक, 'मी मुलाला आजोळी ठेवलं.' आणि दुसरा, 'सर रिटायर झाल्यावर मी पंचावन्न ओलांडल्यावर स्कूटी शिकले.' म्हणजे चांगलं झालं ते आम्ही, चुकलं ते मी. स्कूटी तेवढी कशी कोण जाणे निसटली.

तुमचे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न त्यांच्या खाली आहे आणि तो सुटल्याशिवाय वरचे सुटणार नाहीत.

पत्रातला मला सगळ्यात जास्त टोचलेला प्रसंग तुम्ही कंसात लिहिलाय. सरांचा निरोपसमारंभ एप्रिलच्या शेवटी, शाळा चालू असतानाच झाला. मंडपवाल्याला फोन तुम्ही केलात, खुर्च्या मोजून घेतल्या तुम्ही, पोरींचं स्वागतगीत बसवलं तुम्ही. मग अकरा वाजता शेजारच्या घरात जाऊन घाईघाईने साडी बदललीत आणि स्टेजवर सरांच्या शेजारी जाऊन बसलात. सपत्नीक सत्कार. सरांना फेटा, शाल, श्रीफळ. तुम्हाला साडी-चोळी आणि ओटी. त्याच शाळेत त्याच दिवशी सकाळी मस्टरवर सही केलेल्या शिक्षिकेला! सरपंच बोलले, "गुरुजींनी शाळा घडवली, बाईंनी साथ दिली." टाळ्या पडल्या, तुम्हीही वाजवल्यात. 'ती साडी अजून घडी न मोडता कपाटात आहे' असं लिहून तुम्ही कंस पुरा केला आणि पुढे पुण्याच्या फ्लॅटचं लिहायला लागलात.

बाई, तुम्ही साथ दिली नाहीत. तुम्ही नोकरी केलीत. डी.एड. करून, निवड होऊन, आदेश हातात घेऊन, एका वस्तीवर रुजू झालात. १९८७ नंतर खडू-फळा योजना आली तेव्हा एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक द्यायचा आणि दोघांपैकी एक शक्यतो बाई असावी, असं ठरलं होतं. तुमच्या पिढीच्या कितीतरी शिक्षिकांच्या नेमणुकांमागे ते धोरण आहे. गावातल्या मुली शाळेत याव्यात, आल्या तर टिकाव्यात, म्हणून तिथे बाई हवी होती. गुरुजींची बायको असणं ही त्या पदाची अट नव्हती.

तुमच्या भागात हे वेगळं सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात, माणसं ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, येत नाहीत. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, माणसं मोजतो ती कोयत्याने. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. ऊस दोघं तोडतात. मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बहुतेक वेळा बाईच असते, आणि त्याआधी पहाटे उठून भाकरी थापून झालेल्या असतात त्या वेगळ्याच. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र नवऱ्याच्या हातात पडते. तुम्ही माता-पालक मेळाव्यात हे किती वेळा पोटतिडकीने बोलला असाल. आता मला सांगा, दोन सेवापुस्तकं, पगारासाठीचे दोन शालार्थ क्रमांक, दोन पगार असताना तुमच्या घराचा कोयता कधी झाला?

सरांना मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीये. तुम्हीच लिहिलंय की निवृत्तीनंतर ते रोज दहाच्या सुमाराला गाडी काढतात, शाळेसमोरच्या पारावर पेपर घेऊन बसतात आणि परिपाठाचा आवाज थांबला की घरी येतात. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाळा नसेल तर आपण कोण, हे त्या माणसाला अजून उमगलेलं नाही. त्यांना खोली बांधायची आहे, कारण खोलीत निदान जाऊन बसता येतं. पण त्यांचं दुःख खरं आहे म्हणून त्याचं बिल तुमच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) फेडायचं, हे काही मला पटत नाही.

आता पैशांकडे येऊ. इथे मी जरा रोखठोक बोलणार आहे.

सरांची रक्कम पुण्याच्या फ्लॅटमध्ये गेली. तेव्हा तुमची सही कुठे लागली नव्हती. 'आम्हीच ठरवलं' असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढच्याच वाक्यात 'सरांनी आकडा सांगितला तेव्हा कळलं' असंही लिहिलंय. ठीक आहे, ते झालं. आता उरली आहे ती तुमची रक्कम. उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली आहे. सर त्याच्या आधी निवृत्त झाले, तुम्ही नंतर होताय, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्याहून मोठाही असू शकेल. भविष्य निर्वाह निधी आणि गटविमा वेगळे. शिवाय निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, त्याला कागदोपत्री अंशराशीकरण म्हणतात. पण तसं केलं तर दरमहा हातात येणारं पेन्शन तेवढं कमी होतं आणि ते पूर्ववत व्हायला १५ वर्षं लागतात. तेव्हा तुम्ही ७३ वर्षांच्या असाल. 'सगळे विकतात म्हणून विकलं' असं करू नका. आकडेमोड करा, आणि ती गुरुजींकडून करून घेऊ नका. तुम्ही चौथीला नफा-तोटा शिकवलाय.

दिलासा द्यावा अशी एक गोष्ट आहे. तुम्ही दोघंही १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेले, म्हणजे दोघांनाही जुनं पेन्शन. दोघांपैकी एक मागे राहिला तर त्याचं स्वतःचं पेन्शन चालू राहतं आणि वर जोडीदाराचं कुटुंब निवृत्तिवेतनही मिळतं. तेव्हा म्हातारपणी हात पसरावा लागेल, या भीतीपोटी पुण्याला जायची गरज नाही. त्याच भीतीपोटी मुठी आवळून बसायचीही गरज नाही. द्यायचं असेल तर द्या. पण घोषणा ऐकून टाळ्या वाजवण्याच्या जागी बसून नको.

आणि खोलीच का? शाळा जिल्हा परिषदेची, जागा तिची, बांधलं की भिंतीही तिच्याच. परवानगीचे कागद लागतील, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागेल. ते होईलही. पण पट ११ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवले होते. त्याला विरोध खूप झाला आणि तो योग्यच होता असं मला वाटतं, कारण वस्तीवरची सहा वर्षांची पोर पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणार कशी, याचं उत्तर आधी हवं. पण तो विषय संपलाय असं समजून १० लाखांची भिंत उभी करू नका. उद्या मुलं दुसरीकडे गेली तर त्या खोलीत गावाचं खत पडेल. दारावरची संगमरवरी पाटी तेवढी शाबूत राहील. पाटीचा मजकूरही ठरलाय म्हणे : 'श्री.' पुढे सरांचं पूर्ण नाव, आणि मग 'व सौ.' पुढे तुमचं नाव घालायचं राहून गेलं की जागा पुरली नाही?

तुम्हाला काय सतावतं, ते तुम्ही पान पाचवर लिहिलंय. चौथी झालेल्या मुली पुढच्या शाळेत जातात आणि सातवी-आठवीत गळतात. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण वस्तीवर एसटी यायला तर हवी. आईबाप तोडीला गेले की त्या मागे म्हाताऱ्या आजीजवळ राहतात, मग आजीच म्हणते, एकटी पोर चालत नको जायला. हा तुमचा विषय. याला खोली लागत नाही. दहा-बारा मुलींच्या रिक्षाचं भाडं, तेही फक्त नोव्हेंबर ते एप्रिल, हा खर्च १० लाखांच्या जवळपासही जात नाही आणि दर वर्षी त्याचा पुनर्विचार करता येतो. जमलं तर चालू ठेवा, नाही जमलं तर थांबवा. मी हे सुचवते आहे एवढंच. तुम्हाला एकही पैसा द्यावासा वाटला नाही, तर तोही निर्णयच आहे. ३५ वर्षांत पगारातून किती पाट्या-पेन्सिली, किती चपला, किती औषधं गेली याचा हिशोब तुम्ही ठेवला नाहीत, म्हणजे तो शून्य होत नाही.

सरांना तुम्ही हे सांगाल कसं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. 'नाही म्हटलं तर सरांचा शब्द जाईल' असं तुम्ही लिहिलंय. (नवऱ्याचा उल्लेख तुम्ही पत्रभर 'सर' असा केलाय. शिक्षकांच्या घरात हे सर्रास चालतं, मला गोडही वाटतं. पण सरांना नाही म्हणणं हे नवऱ्याला नाही म्हणण्यापेक्षा अवघड असतं, हे ध्यानात ठेवा.) त्यांचा शब्द गेला तर तो त्यांनी परस्पर दिला म्हणून जाईल. त्यांना घरात, चहाच्या वेळी, चारचौघांत नव्हे, एवढंच म्हणा : "शाळेसाठी काय करायचं ते मला माझं ठरवायचंय. तुम्हाला खोलीच बांधायची असेल तर तुमच्या पेन्शनमधून महिन्याला बाजूला काढा, मी अडवणार नाही." आणि पुढे गप्प बसा. पहिले दोन दिवस घरात भांडी जरा जास्त वाजतील.

सरांसाठी एक वेगळी गोष्ट. त्यांना शिकवायचंच असेल तर पारावर बसण्यापेक्षा बरे मार्ग आहेत. २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर तात्पुरतं घ्यायचा निर्णय झाला होता. असे निर्णय येतात, बदलतात, पुन्हा येतात. सध्या काय चालू आहे ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन विचारता येईल. तेही नको असेल तर हंगामी वसतिगृहातल्या मुलांना संध्याकाळी दोन तास वाचून दाखवायला कुणाच्या आदेशाची गरज नाही. फक्त एक पथ्य पाळायला सांगा. जूनमध्ये तुमच्या जागी जी कुणी नवी मुलगी येईल, तिच्या वर्गाच्या दारात जाऊन त्यांनी उभं राहायचं नाही.

आता मुलाबद्दल. 'मी मुलाला आजोळी ठेवलं.' बाई, ठेवलं कुणी? तुम्ही एका तालुक्यात, सर ७० किलोमीटर दूर दुसऱ्या तालुक्यात, वस्तीवर ना डॉक्टर, ना पाळणाघर, पोराला सांभाळायला कुणी नाही. पती-पत्नी एकत्रीकरण हा शब्द आज सगळ्या शिक्षकांच्या तोंडी आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणात दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यांना विशेष संवर्गात धरलं गेलं, अर्ज ऑनलाइन झाले. तुमची नऊ वर्षं त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा बदली म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी किती खेपा घालता आणि कुणाच्या ओळखीने जाता, यावर सगळं होतं. सर दर शनिवारी अर्धी शाळा करून तुमच्याकडे यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचे, तुम्ही महिन्यातून एकदा आजोळी जाऊन पोराला भेटायचात. यात वाईट आई कुठे आहे, मला दिसत नाही. सरांनी मुलाला कुठे ठेवलं, असं कुणी कधी विचारलंय का?

पण तुमच्या मुलाचंही खोटं नाही. चार वर्षांच्या पोराला बदली धोरण कळत नाही, आई एसटीत बसून गेली एवढंच कळतं. 'हे सगळं तुमच्यासाठीच केलं' हे उत्तर तुम्ही त्याला आजवर दिलंत, ते आता देऊ नका. त्याच्यासाठी केलं नव्हतं. तुम्हाला शिकवायला आवडत होतं, पगार लागत होता, आणि नोकरी सोडली असती तर पुन्हा मिळाली नसती. हे त्याला तसंच सांगा. "तुला तिथे ठेवून निघताना मला रडू यायचं, आणि वर्गात उभी राहिले की मी ते विसरायचे. दोन्ही खरं आहे." तिशीतल्या बापाला हे समजतं. त्यालाही आता एक मुलगी आहे आणि तोही सकाळी नऊला घर सोडतो.

या आग्रहाकडे जरा डोळे उघडे ठेवून पाहा. त्यात प्रेम आहे, यात शंका नाही. नातीला सांभाळायला भरवशाचं माणूस हवं, ही गरजही आहे. त्यातही गैर काही नाही, पण ती गरज आहे हे सगळ्यांनी तोंडाने म्हणावं. नाहीतर ३१ मे रोजी एक ड्युटी संपेल आणि १ जूनला दुसरी सुरू होईल, बिनपगारी, बिनसुट्टीची, आणि जिथे तुम्हाला बाई म्हणून ओळखणारं कुणी नाही अशा सातव्या मजल्यावर. मी म्हणेन, जा. पण ठरवून तीन महिने जा. जून, जुलै, ऑगस्ट. पोळ्याला किंवा गौरींना परत या. शिक्षक कॉलनीतलं घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका. सरांना यायचं तर येतील, नाही तर मागे राहून स्वतःचा भात लावायला शिकतील. नवरा-बायकोने एकाच वेळी, एकाच गावात, एकाच पद्धतीने निवृत्त व्हावं, असा शासननिर्णय अजून निघालेला नाही. नऊ वर्षं नोकरीसाठी वेगळे राहिलात, तीन महिने स्वतःच्या मर्जीने राहिलात तर आभाळ कोसळणार नाही.

हे मी एवढ्या खात्रीने लिहिते, कारण माझी आईही प्राथमिक शिक्षिका होती. तिच्या पर्समध्ये कुंकवाच्या रिकाम्या डबीत खडूचे तुकडे असायचे, आणि आम्हा मुलांना त्या पर्सला हात लावायची बंदी होती. ती निवृत्त झाली त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या त्या दिवशी तिने नेहमीसारखी पहाटे उठून आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसली, डबा भरला. मग जायला कुठे नाही हे आठवलं असावं. ती ओट्यावर बसली. आम्ही कुणी काही बोललो नाही. मधल्या सुट्टीच्या वेळेला, घड्याळ न बघता, तिने डबा उघडला आणि तिथेच बसून खाल्ला. हे तिने चार-पाच दिवस केलं. सहाव्या दिवशी भाजी आणायला गेली ती तीन तासांनी परत आली, वाटेत जुन्या विद्यार्थिनी भेटल्या म्हणून. आम्ही मुलांनी त्या चार-पाच दिवसांत तिला आमच्याकडे यायला, पोथी वाचायला, योगासनांना जायला, सगळं सुचवून झालं होतं. तिला ते दिवस फक्त हवे होते. तुम्हालाही लागतील. ते नातीच्या दुधाच्या बाटल्या धुण्यात घालवू नका.

राहता राहिला पट.

तुमच्या पहिल्या तुकडीतल्या एका मुलीची लेक आता पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, आणि व्हॅन तुमच्या शाळेवरून जाताना ती तुम्हाला 'बाय बाय मॅडम' करते. हे वाचून हसूही आलं आणि कसंतरीही झालं. पण थांबून बघा. जिची आई ऊसतोडीला जात होती आणि जी तुमच्या हंगामी वसतिगृहात खिचडी खाऊन चौथी झाली, ती आज लेकीच्या व्हॅनचे पैसे भरते. तिला वाटतं पुढचं पाऊल म्हणजे इंग्रजी. मला तिचा निर्णय चुकीचा वाटतो, तुम्हालाही वाटत असणार, पण निर्णय घेण्याइतकी ती सुटली हे खरं आहे. पट उतरायला बाकीही कारणं आहेत. घरटी मुलं कमी झाली, अर्धं गाव कायमचं बाहेर गेलं, आणि दोन शिक्षकांत चार इयत्ता सांभाळून वर मतदारयाद्या, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून वर्गासाठी जे उरतं ते पालकांनाही दिसतं. तुम्ही लिहिलंय की काही दिवस शिकवण्यापेक्षा फोटो अपलोड करण्यातच गेले. मग त्याची जबाबदारी स्वतःवर घेता कशाला? ११ हा आकडा शिक्षण खात्याच्या, गावाच्या आणि काळाच्या वहीत लिहा. तुमच्या वहीत दुसरे आकडे आहेत, तेही तुम्हीच पत्राच्या समासात लिहिलेत. एक नर्स, एक तलाठी, दोन शिक्षिका, एक मुकादम (त्याचं नाव तुम्ही दोनदा खोडलंय).

दर वर्षी ३ जानेवारीला तुम्ही सावित्रीबाईंवर भाषण बसवून घेत असाल. त्यांच्याही बाबतीत 'साथ दिली' हेच ऐकत आपण मोठ्या झालो. ज्योतिराव १८९० मध्ये गेले, त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ त्या काम करत राहिल्या आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्या वर्षांत त्या कुणाला साथ देत होत्या? यंदाच्या भाषणात पोरींना हा प्रश्न घालून बघायला हवा होता. तुमच्या जागी येईल तिला सांगून ठेवा.

ज्या शिक्षक जोडप्यांची अजून पाच-दहा वर्षं नोकरी उरली आहे, त्यांनाही चार शब्द. एकमेकांचं सेवापुस्तक एकदा समोरासमोर बसून वाचा. वेतनश्रेणीच्या, रजांच्या नोंदी अपुऱ्या असतात आणि ऐन निवृत्तीच्या वर्षी त्या सापडतात. नामनिर्देशन तपासा, कितीतरी जणांच्या कागदावर अजून वारलेल्या आईचं नाव असतं. पगाराची खाती दोन असली तरी एटीएम कार्डं दोन्ही एकाच्याच पाकिटात असतील तर ते आज बदला. २००५ नंतर लागलेल्यांची गणितं वेगळी आहेत, त्यांनी 'बाईंना जमलं मग आपल्यालाही जमेल' असं धरून चालू नये. आणि एकमेकांचा सत्कार 'सपत्नीक' किंवा 'सपतीक' होऊ देऊ नका. दोन माणसं निवृत्त होतात, दोन दिवशी, दोन शाली.

समारंभावरून आठवलं. तुमची जन्मतारीख १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. आई सांगायची वारीच्या दिवसांत जन्म झाला, म्हणजे आषाढ. कागदावरच्या त्या तारखेमुळे तुम्ही ३१ मे रोजी निवृत्त होणार आणि समारंभही त्याच दिवशी ठेवलाय, लग्नसराईला पुढारी गावात असतात म्हणून. पण तेव्हा शाळेला सुट्टी असेल. तुमची अकरा मुलं कुठल्या तरी आत्याच्या लग्नात असतील. पुढाऱ्यांचा समारंभ करायचा तर करू द्या, पण मुलांचा निरोप १ मे रोजी निकालाच्या दिवशी घ्या. झेंडावंदन झाल्यावर, प्रगतिपुस्तकं वाटून, वर्गातच. मंडप नको, सरपंच नको. सर आले तर त्यांना मुलांच्या ओळीत बसवा. भाषण तुम्ही करा, आणि त्यात 'मी' म्हणायचा सराव आतापासून ठेवा, पहिल्यांदा जीभ अडखळेल. ती साडी त्या दिवशी नेसायची की नाही हे मी सांगणार नाही.

त्याआधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात करा. पेन्शनचा प्रस्ताव निवृत्तीच्या बराच आधी जावा लागतो. तुमचा 'सरांनी दिलाय बहुतेक' असं तुम्ही लिहिलंय. पंचायत समितीत स्वतः जा. सेवापुस्तक कुणाच्या टेबलावर आहे, पडताळणी झाली का, ना-देय प्रमाणपत्रं कुठली राहिलीत, ते स्वतः विचारा आणि कागदावर लिहून आणा. शनिवारी कार्यालय बंद असतं, मंगळवारी बाबूलोक जागेवर सापडतात. काळीपिवळीची वाट बघत बसू नका, स्कूटी आहे ना.

तुमची,
सल्लागार ताई